बदकाचा तिसरा पाय

अहो नाही, त्या खुर्चीवर नका बसू — तिचा मागचा पाय निखळलाय, बसलं की माणूस सरळ छताकडे बघायला लागतो. इथं बसा, पलंगावर. आणि तुमच्या मनात काय आलं ते ओळखलं हं मी, पण खुर्ची माझ्या नातीनं नाही मोडली. माझ्या मुलानं मोडली, वर चढून दिवा बदलताना — आणि तो इतका बारीक, की आडवा उभा राहिला तर दाराच्या फटीतून जाईल. पण हल्ली या घरात काहीही मोडलं की आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो. तुम्ही नाही बघितलंत? बरं, नाही बघितलंत. ती नाहीच घरात, शाळेत गेलीय. पाय जरा आत नका घेऊ, पलंगाखाली तिचे हातमोजे टाकलेत. थंडीचे नव्हेत हो — चेंडू अडवायचे. त्यांचं सांगते नंतर. चहा घ्याल ना? बिनसाखरेचा करते, घाबरू नका. आरोग्य केंद्राच्या बाईंना साखरेचा चहा पाजला म्हणून माझंही नाव फळ्यावर लागायचं.

तो डबा उघडताय? उघडा, उघडा, लाजू नका. फसलात की नाही! सगळे फसतात. वर बिस्किटांचं चित्र आणि आत लोकर. बिस्किटं होती त्यात — अकरा वर्षांपूर्वी. आणि कुणी दिली होती म्हणाल? तुमच्याच आरोग्य केंद्रानं. हो तर! खोटं कशाला सांगू? सुदृढ बालक स्पर्धा असायची तेव्हा. तुम्ही लहान असाल, शाळेत असाल. मांडव घालायचे, बाळांना ओळीनं झोपवायचे, एकेकाला उचलून वजनकाट्यावर ठेवायचे. ज्याचं वजन जास्त त्याला पहिलं बक्षीस. आमचीचं पहिलं आलं. दुसरं आलेलं बाळ तिच्या अर्धंही नव्हतं — त्या बाळाची आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काट्यावर बोट दाबून धरलंय! मोठे डॉक्टर होते ना, ते टक्कल पडलेले — आता निवृत्त झाले असतील — नाही झाले? अजून आहेत? — बघा, तर त्यांनी स्वतः तिला उचललं, गालगुच्चा घेतला आणि म्हणाले, "कसली गुबगुबीत आहे हो!" झालं. तेव्हापासून ती गुबी. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण ते तिचं तिलाही आठवावं लागतं. म्हणजे बघा, नाव तुमच्या डॉक्टरांनी ठेवलं, बक्षीस तुमच्या केंद्रानं दिलं, आणि बक्षीस काय, तर सहा महिन्यांच्या बाळाला डबाभर गोड बिस्किटं. तिला दात नव्हते. आम्हीच खाल्ली. तरी मी म्हणते, आपण नावं ठेवू नयेत. तेव्हा तसंच होतं. लोकांच्या मुलांना खायला मिळत नव्हतं, म्हणून ज्याला मिळालं त्याचं कौतुक.

आणि त्या दिवशी तिच्या अंगात मी विणलेला स्वेटर होता. पिवळा, पुढे पांढरं बदक. बदकाला पाय तीन. हसा, हसा — सगळ्यांनी हसून घेतलंय. टाके मोजताना शेजारीण बोलायला आली, बोलत बोलत मी एक पाय जास्तीचा विणला, आणि लक्षात आलं तेव्हा स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी. उसवायला वेळ कुठे? म्हटलं, बाळाकडे बघतील, बदकाचे पाय कोण मोजतंय! चूक असली तरी माझी ओळख आहे ती. जगात तीन पायांचं बदक मी एकटीनंच विणलंय, याची मला खात्री आहे.

हो, हो, लाल कार्डाचं बोलू. त्यासाठीच आलात ना तुम्ही? त्यासाठीच असणार. दुसरं काय असणार म्हणा — मी आपली बसलेय माझं पुराण लावून. तर लाल कार्ड. शाळेत तुमची माणसं आली, वजन घेतलं, उंची घेतली, आणि ज्याचं त्याचं कार्ड पाकिटात घालून दिलं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे — लाल. मुलांना कळू नये, लाज वाटू नये म्हणून बंद पाकीट. फार चांगला विचार. फक्त पाकीट इतकं पातळ, की आतला रंग बाहेर दिसत होता. पोरं पाकिटं उजेडाला धरून बघत होती म्हणे. आणि आमची गुबी कोण, तर शाळेच्या मुलींच्या संघाची गोलकीपर! अहो, ती गोलात उभी राहिली की पलीकडच्या पोरींना गोल दिसायचाच नाही. आणि नुसती उभी नाही राहायची, झेपावायची. गुडघे बघा तिचे, कायम सोललेले. घरी येऊन हातमोजे धुवायची, खिडकीत वाळत घालायची, आणि मग जेवायला बसायची तीही हातवारे करत — असा आला, अशी पडले, असा अडवला. तर लाल कार्ड मिळालं त्या दिवशी एक पोरगी सहज म्हणाली, चेष्टेनं म्हणाली हो, वाईट नाही ती — "लाल कार्ड मिळालं की मैदानाबाहेर जायचं असतं, नियम आहे." सगळ्या हसल्या. गुबीपण हसली म्हणे. आणि हसत हसत बाहेर आली ती आलीच. हातमोजे पलंगाखाली टाकले. मला म्हणाली, "आजी, नियमच आहे." म्हणजे बघा ताई — ताई म्हणते हं, वयानं तुम्ही माझ्या मुलीसारख्या आहात — वजन जास्त म्हणून कार्ड दिलंत, आणि कार्डामुळे रोज धावणारी पोर घरात बसली. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही रंग निवडलात तेव्हा तुमच्यापैकी कुणी फुटबॉल बघत नसेल, एवढंच.

मैदान? मैदानाचं तर विचारूच नका. मुलांनी भरपूर खेळावं, ही तुमची मोहीम. तिचं उद्घाटन मैदानावर. म्हणून मांडव घालायला मैदान बंद. मग मांडव उतरवायला बंद. मग मांडवाचे खड्डे बुजवायला बंद. परवा कुठे उघडलं. मुलं कुंपणाबाहेर उभी राहून "मुलांनो, मैदानावर या" असं भाषण ऐकत होती. मी पण होते. भाषण चांगलं होतं. खरंच चांगलं होतं, मी टाळ्या वाजवल्या.

आणि असं नका समजू की आम्ही तुमचं ऐकत नाही. सून सगळं करते. कारखान्यात दिवसभर उभी असते बिचारी, तरी आल्याआल्या तुमचा तक्ता बघून भाज्या उकडते. तळण बंद. गोड बंद. मी गुबीच्या ताटात चमचाभर जास्त वाढायला गेले की सून नुसती माझ्या हाताकडे बघते, आणि माझा हात आपोआप मागे येतो. आता तुम्हाला म्हणून सांगते — सुनेला नका सांगू — मी पोरीला चोरून द्यायचे काहीबाही. द्यायचे, देत नाही आता. का बंद केलं? तिनंच बंद केलं. परवा वाटीत खीर दिली, तर मला म्हणते, "आजी, तू माझ्याकडे असं बघतेस ना, जणू मी आजारी आहे. खीर नको, तसं बघू नकोस." अकरा वर्षांची पोर! मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि — जाऊ दे. खीर मीच खाल्ली. माझंही वजन वाढलंय, पण माझं कार्ड कोण काढतंय?

काय आहे मोबाईलमध्ये? थांबा, चष्मा लावते. हां. हे पोस्टर. बघितलंय की. सगळ्या गावात लावलंय तुम्ही, न बघून जाणार कुठे? "गुबगुबीत म्हणजे निरोगी नव्हे!" आणि खाली गलेलठ्ठ बाळ. छान आहे. अक्षर मोठं आहे. — बदकाचा पाय? कुठला पाय? कुणीतरी काळा केलाय? असेल. पोरं करतात. भिंतीवरच्या चित्राला मिशा काढतात, पाय काळा करायला काय लागतं? — काय म्हणता? पोलिसांत? बिस्किट कंपनीचा हात असावा म्हणे? अहो, हात असेल, पण त्याला कंपनी कशाला —

चहा उतू जातोय का? नाही. नुसता आवाज.

बसथांब्याजवळच्या फळवाल्यानं सांगितलं ना तुम्हाला? "चष्मेवाली आजी, हातात बुटाच्या पॉलिशची डबी." तरी मी म्हणत होते, तो माणूस सफरचंदं पुसता पुसता माझ्याकडे एवढं का बघतोय! बरं. मग ऐका आता. मी होते. कंपनी वगैरे कुणी नाही, मी एकटी. डॉक्टरांनीच सांगितलंय मला, रोज पहाटे चालत जा म्हणून. तर चालत जायचे आणि जाता जाता — पॉलिश मुलाचं. रंगानं ओघळ येतात, पॉलिश बसतं नीट, पावसात जात नाही. आणि बघा, बघा की फोटो मोठा करून — बाळाला कुठे लागलंय का? अक्षरांना लागलंय? फक्त तो जास्तीचा पाय, कडेकडेनं. फाडून टाकायचं असतं तर सगळंच फाडलं असतं. पण सरकारी वस्तू, फाडावी कशी?

तुम्हाला कळलं ना आता? कळलं. चेहऱ्यावरून दिसतंय. हो, तीच. आमची गुबी. बक्षिसाच्या वेळचा फोटो — तुमच्याच केंद्राच्या कपाटात असणार, कुणाला तरी घाईत जाड बाळ हवं होतं, सापडलं. सूनबाईनं बघितलं का पोस्टर? बघितलं, पण ती कामावर जाताना बस पकडणार की बाळं बघणार? तिला नाही कळलं. मुलगा तर काय, समोरून मी गेले तरी ओळखत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारलीत ना तुम्ही, ओळख पटू नये म्हणून. पट्टी डोळ्यांवर मारलीत, बदकावर कोण मारणार? मी बसमधून उतरले आणि समोर भिंतीवर माझं बदक. तीन पायांवर उभं. मला क्षणभर आनंद झाला हो — खोटं नाही सांगत — वाटलं, अगं बाई, आपलं विणकाम छापून आलं! आणि मग वरची ओळ वाचली. तिचं नावच लिहिलंय की भिंतीवर. गुबगुबीत म्हणजे.

गेले होते ना, तक्रारीला गेले होते केंद्रात! असं कसं वाटलं तुम्हाला, की न विचारता केलं? खिडकीतल्या माणसाला म्हटलं, ते पोस्टर काढा, ती माझी नात आहे. तो म्हणाला, "डोळ्यांवर पट्टी आहे, ओळख पटूच शकत नाही." म्हटलं, मला पटलीय. म्हणाला, "मग पुरावा आणा. फोटो आणा, स्वेटर आणा, मुलीला घेऊन या, साहेबांसमोर खात्री करू." आता सांगा! पोरीला कळू नये म्हणून काढायला सांगतेय, तर म्हणतो पोरीलाच घेऊन या. भला माणूस होता, उद्धट नव्हता. मला खुर्ची दिली बसायला. चांगल्या चार पायांची.

तर मग मी ठरवलं, पाय घालवायचा. पाय गेला की कुठलंही बाळ. दोन पायांची बदकं जगात लाख आहेत. आणि घाई होती, कारण शाळेत या शनिवारी काहीतरी प्रदर्शन आहे — मुलांनी आपला लहानपणीचा फोटो आणायचा, शेजारी आताचा लावायचा. गुबीला तोच न्यायचा होता, बक्षिसाचा. इथंच होता भिंतीवर, तो रिकामा खिळा बघा. मी काय केलं, रात्रीतून फ्रेम काढली, कपाटावर ठेवली, वर घोंगडी टाकली, आणि तिला सांगितलं की पुसताना पडली, काच फुटली, बसवायला टाकलीय. तेव्हापासून रोज शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी विचारते, "काच बसली का गं आजी?" मी म्हणते, बसेल. ती माझ्याकडे बघते, खिळ्याकडे बघते, आणि म्हणते, "बसली की सांग." काचवाल्याचं नाव नाही विचारत, उशीर का होतोय नाही विचारत. समजूतदार आहे पोर.

तुम्ही काही म्हणा, दंड करा, काय करायचं ते करा, पण सगळे पाय झाले माझे. बसथांबा झाला, वाचनालय झालं, तुमच्या केंद्राचं फाटक — त्याचा फोटो नाही तुमच्याकडे? तुम्हाला माहीतच नव्हतं ते? बघा, माझ्याच तोंडानं — असू दे. पाण्याच्या टाकीजवळचं पण माझंच. एकही राहिलं नाही. राहिलं असतं तर मी इथं अशी बसले नसते.

अजून एक? दाखवा. हे — थांबा, हे माझं नाही. नाही हो, आता लपवायचं काय राहिलंय? माझं असतं तर सांगितलं असतं. हे बघा ना, बदकाचा पाय तसाच आहे. तिन्ही पाय तसेच. आणि हे काय, हातांना एवढाले काहीतरी — बोटंच बोटं! बाळाला मुष्टियोद्धा केलंय कुणीतरी. हे मी करेन का? मला सरळ रेघ मारता येत नाही. कुठलं आहे हे?

शाळेतलं. आतलं? जिन्यातलं. तिथं कुठे सोडतात आम्हाला, पालकांना फाटकाबाहेर उभं करतात. मला माहीतच नव्हतं की आत पण लावलंय. म्हणजे रोज ती वर्गात जाताना —

मोठं करा जरा. चेहरा. अजून.

पट्टीवर डोळे काढलेत. खडूचे आहेत ना हे? पांढरे. चांगले मोठे, उघडे. कुणी काढले पण — कसे सरळ बघताहेत. आणि भुवई —

ताई, ही भुवई बघा. डावी. मध्ये फट ठेवलीय, दिसतेय का तुम्हाला? चुकून नाही राहिली, मुद्दाम ठेवलीय; दोन्ही बाजूंनी रेघ येऊन थांबलीय. तिथं केस येत नाहीत तिला. त्या उंबऱ्यावर पडली होती, चालायला लागली तेव्हा. या फोटोत — या फोटोत ती सहा महिन्यांची आहे हो. बसतासुद्धा येत नव्हतं. भुवई तेव्हा सबंध होती. फोटोत बघून नाही काढता येणार ही. आरशात बघूनच —

म्हणजे कळलंय तिला.

कधीपासून? जिन्यातलं कधी लावलं तुम्ही? पहिल्याच दिवशी. म्हणजे माझ्या आधी. काच फुटायच्या आधी. आणि रोज येऊन मला विचारते, काच बसली का. अगं बाई. मी तिच्यापासून लपवतेय, आणि ती माझं लपवणं बघतेय. मला वाईट वाटू नये म्हणून —

आणि तरी तिला शनिवारी तोच फोटो न्यायचाय. तोच.

एक काम कर — तू म्हणाले बघ, राग मानू नकोस. तू उंच आहेस. त्या कपाटावर घोंगडी आहे ना, तिच्याखाली हात घाल. फ्रेम आली? जपून. काच आहे, चांगली आहे, काही झालेलं नाही तिला. लाव तिथं, त्या खिळ्याला. थोडी डावीकडे. राहू दे, वाकडीच राहू दे.

बाजूला हो जरा, मला खाली बघू दे. गुडघे साथ देत नाहीत, पण — ते हातमोजे. काल इथंच होते. मी स्वतः झाडू मारताना मागे सारले होते. तू पायानं नाही ना ढकललेस? त्या कोपऱ्यात? तिकडेही नाहीत?

नाहीत.

सकाळी दप्तर फुगलेलं होतं तिचं. मी विचारलं, काय भरलंस एवढं? म्हणाली, वह्या.

ऊठ तू. जा आता. तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते सांग, माझं नाव सांग, पाय सगळे माझे. जिन्यातल्या डोळ्यांना मात्र हात लावू नका म्हणावं. चहा राहिला — राहू दे, परत ये कधीतरी. तेवढं दार उघडंच ठेव जाताना. ती येईलच, शाळा सुटत आली.

की आज उशीर होईल तिला? होऊ दे. होऊ दे उशीर.

जा म्हटलं ना.